कोठार सांभाळताना

अंबाजोगाईच्या बाजारात औषधाच्या कुठल्याही दुकानासमोर थोडा वेळ थांबलं की "गॅसची गोळी द्या" हे वाक्य कानावर पडल्याशिवाय राहत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी नसते, किती दिवस घ्यायची याचा हिशेब नसतो. कुणी पट्टीतल्या दोन गोळ्या कापून घेतं, कुणी महिन्याभराची बेगमी करून गावाकडची एसटी धरतं. दवाखान्यातही तेच. पोटात गुबारा धरलाय, करपट ढेकरा येतात, छातीत जळजळतं, जेवण जात नाही, पोट साफ होत नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही. तक्रारी निरनिराळ्या, गोळी एकच. ती गोळी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. अल्सरच्या आणि घशाशी आम्ल येण्याच्या दुखण्यात तिनं असंख्य लोकांचे हाल वाचवले आहेत. पण ती आम्ल कमी करते, एवढंच तिचं काम. जो माणूस पहाटे अर्धपोटी उसाच्या फडात उतरतो, दुपारी गार भाकरी घाईनं घशाखाली ढकलतो आणि रात्री इतका दमलेला असतो की ताटावरच डुलक्या घेतो, त्याच्या पचनाचं काय बिघडलंय हे त्या गोळीला सांगता येत नाही.

हे पुस्तक पोटावर आहे आणि ते पारंपरिक चिनी वैद्यकाच्या आधारानं लिहिलेलं आहे. घरात आयुर्वेद असताना चीनपर्यंत कशाला जायचं, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं, आणि तो प्रश्न रास्त आहे. अग्नी मंद झाला की रोग येतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरीही मी तिकडे वळलो ते एका माणसामुळे. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या वैद्यानं जे पाहिलं आणि त्यावरून जे ताडलं, ते बीड जिल्ह्यात दवाखाना चालवणाऱ्या कुणालाही ओळखीचं वाटेल.

त्याचं नाव ली दोंगयुआन. जन्म ११८० चा, उत्तर चीनमधल्या आजच्या झेंगदिंग गावचा. घर श्रीमंत होतं, पण आई आजारी पडली तेव्हा वैद्यांमागून वैद्य आले, प्रत्येकानं वेगळं निदान केलं, वेगळं औषध दिलं आणि आई गेली. नेमकं काय झालं होतं हे शेवटपर्यंत कुणालाच सांगता आलं नाही. त्या दुःखातून लीनं झांग युआनसू या नामवंत वैद्याकडे शिष्यत्व पत्करलं. पुढे १२३२ मध्ये मंगोल फौजांनी कायफेंग शहराला वेढा घातला, तेव्हा ली त्या शहरातच होता. वेढा उठल्यावर माणसं तापानं पटापट मरू लागली. शहराच्या वेशींतून दिवसाला हजारोंनी प्रेतं बाहेर पडत होती, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. शहरातले वैद्य या तापाला बाहेरून आलेला थंडीचा विकार समजत होते आणि घाम काढणारी, जुलाब करणारी कडक औषधं देत होते. ली म्हणाला, हे लोक बाहेरून आलेल्या थंडीनं मरत नाहीत. वेढ्यात त्यांची उपासमार झाली, भीतीनं झोप उडाली, राबून अंग मोडलं. आणि वेढा उठताच पोट दुबळं झालेलं असताना ते अन्नावर तुटून पडले. आतलं कोठारच ढासळलं आहे, त्याला जुलाबाचं औषध देणं म्हणजे मारणं आहे. (त्या मृत्यूंमागे साथीचा रोगही असावा असं आज काही अभ्यासक मानतात, आणि ते शक्य आहे.) याच अनुभवातून त्यानं उतारवयात, १२४९ च्या सुमारास, प्लीहा आणि जठर या विषयावरचा 'पी वेई लुन' हा ग्रंथ पुरा केला. पचन बिघडवणारी तीन कारणं तो पुन्हा पुन्हा सांगतो: खाण्यातली अनियमितता, अंगमोडीचे कष्ट आणि मनाला लागलेला घोर.

ही तीन कारणं वाचली की मला आमच्याकडची दसऱ्यानंतरची गावं दिसतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. बाई पहाटे काळोखात उठून दिवसभराच्या भाकरी थापते, फडात तोडणी करते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत चढवते. गाडी रात्री आली तर रात्री. ती शेवटी जेवते आणि उरलेलं जेवते. भूक मारायला चहा आणि मिश्री असते. लघवीला जाता येत नाही म्हणून पाणी कमी प्यायचं, हेही तिनं ठरवून टाकलेलं असतं. अशी बाई चार-पाच महिन्यांनी परत येते आणि पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात बसते, तेव्हा त्या एका शब्दाखाली किती गोष्टी दडलेल्या असतात! या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या सगळ्याचा विषय वेगळा आणि फार मोठा आहे. इथे एवढंच म्हणतो, की पोट दुखण्याची तक्रार ऐकून घेणारा कान आधी लागतो. लीच्या ग्रंथात मला तो कान सापडला.

आणि दुष्काळ तर आमच्या हाडीमासी आहे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली पिढी अजून आमच्यात आहे. खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरची अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी, ती खाऊन बिघडलेली पोटं, हे त्या पिढीतले लोक आजही सांगतात. उपाशी शरीराला अन्न देताना हळूहळू, पातळ आणि थोडं थोडं द्यावं लागतं हे आधुनिक वैद्यकाला दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेल्या लोकांनी शिकवलं. कायफेंगच्या वेशीवर ली तेच सांगत होता.

आता थोडं शास्त्राकडे. चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ 'हुआंगदी नेइजिंग' शरीराची मांडणी राज्यकारभारासारखी करतो. हृदय राजा, आणि प्लीहा व जठर मिळून कोठाराचे अधिकारी. जठर अन्न घेतं आणि शिजवतं; प्लीहा त्यातलं सत्त्व उचलून अंगभर पोचवते. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ही प्लीहा म्हणजे शल्यविशारद पोट उघडून दाखवतो ती डावीकडची पाणथरी नव्हे. चिनी वैद्य हे नाव एका अवयवाला देत नाहीत, अन्नाचं बळात रूपांतर करणाऱ्या सगळ्या कामाला देतात. ज्यांना ही प्लीहा सोनोग्राफीत शोधायची आहे त्यांची निराशा होईल. पण जेवल्यावर लगेच गळून जाणारं, हातपाय जड झालेलं, शौचाला चिकट-पातळ होणारं आणि गोड खावंसं वाटणारं माणूस समोर बसलं, की या वर्णनाचा उपयोग कळतो.

या पुस्तकात अशा पाच-सहा स्थिती दिल्या आहेत. त्यांतल्या तीन आमच्याकडे सतत दिसतात. पहिली ही दमलेली प्लीहा. दुसरी साचलेलं अन्न: लग्नसराईतली पंगत, वर आइस्क्रीम, आणि दुसऱ्या दिवशी कुजकट ढेकर. तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चिनी वैद्य म्हणतात की शरीरातले सगळे व्यवहार मोकळे वाहते ठेवणं हे यकृताचं काम. राग गिळला, चिंता धरून ठेवली की यकृत तुंबतं आणि पहिला तडाखा पचनाला देतं. कापसाचा भाव पडला, पोरीच्या लग्नाचं कर्ज फिटेना, की गडी माणूसही पोट धरून बसतो. आजचं विज्ञान मेंदू आणि आतडं यांच्यामधल्या मज्जातंतूंच्या वाटांबद्दल बोलतं, आतड्याच्या चिडखोरपणात मनाचा भाग मान्य करतं. शब्द वेगळे आहेत, निरीक्षण जवळचं आहे.

चिनी वैद्य जीभ पाहतात. आपल्याकडेही पाहतात, पण ते फार बारकाईनं पाहतात, आणि घरच्या घरी शिकण्यासारखी ही गोष्ट असल्यानं तिला एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. सकाळी उठल्यावर दारात, उजेडाकडे तोंड करून पाहावी. चहा, मिश्री, तंबाखू या सगळ्यांच्या आधी, नाहीतर थराचा खरा रंग दिसत नाही. जीभ ताणून काढायची नाही, सैल सोडायची आणि चटकन आत घ्यायची; फार वेळ बाहेर राहिली की ती लाल-जांभळी होऊ लागते आणि फसवते. कडेला दातांचे ठसे उमटलेत का? जीभ फिकट, ओलसर, थोडी सुजल्यासारखी आहे का? तर प्लीहा थकली आहे असं समजतात. मधोमध जाडसर, पिवळट, चिकट थर असेल तर अन्न साचून उष्णता धरली आहे. टोक लालबुंद आणि झोप नाही, तर गोष्ट पोटाच्या पलीकडे गेली आहे. मात्र जिभेवर न जाणारा पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली, तर तिथे चिनी वैद्यक थांबवायचं. मराठवाड्यात तंबाखू किती खाल्ला जातो हे सांगायला नको. तोंड लगेच दाखवून घ्यायचं.

औषधी द्रव्यांची यादी वाचताना मराठी वाचकाला परकं वाटणार नाही. आलं, सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध, बडीशेप, सुपारी, हिरडा, पिंपळी, संत्र्याची वाळवलेली साल. यांतली काही द्रव्यं तर आपल्याकडूनच तिकडे गेली. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग ६४१ च्या सुमारास, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात, महाराष्ट्रात येऊन गेला आणि ६४५ मध्ये मायदेशी परतला तेव्हा गादीवर तांग सम्राट ताइझोंग होता. त्याच सम्राटाची एक गोष्ट चिनी वैद्यकग्रंथांत सांगितली जाते: त्याला पोटाचा हट्टी विकार जडला, दरबारी वैद्यांचं काही चालेना, आणि शेवटी गायीच्या दुधात उकळलेल्या पिंपळीनं तो बरा झाला. पिंपळीचं दूध आपल्या आज्या करत आल्या आहेत. गोष्ट दंतकथा असेल, पण पिंपळी चीनला पोचली होती आणि पोटासाठी वापरली जात होती एवढं खरं. त्याच शतकात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूनं आणखी एक नोंद केली, की भारतातले लोक आजारी पडले की आधी खाणं थांबवतात. त्याला त्याचं कौतुक वाटलं होतं. आज आपण उपवासाला साबुदाण्याची तेलकट खिचडी, तळलेले पापड आणि शेंगदाण्याचे लाडू खातो आणि रात्री गॅसची गोळी घेतो. इत्सिंगनं पाहिलेला उपवास तो हा नव्हे.

खाण्याबद्दल चिनी वैद्यकाचा आग्रह साधा आहे. गरम, ताजं, शिजलेलं, वेळेवर, पोट थोडं रिकामं ठेवून. सातव्या शतकातला वैद्य सुन सिमियाओ सांगतो की आधी अन्नानं बरं करून पाहा, त्यानं जमलं नाही तर मग औषध. जेवण झाल्यावर पोटावरून हात फिरवत थोडं चालावं असंही तो सांगतो. शतपावली वेगळी सांगायची गरज आपल्याला नाही, फक्त ती पुन्हा घालायला लागायची आहे. त्याच्याही चारशे-पाचशे वर्षं आधी झांग झोंगजिंगनं दालचिनीच्या फांद्यांचा काढा दिल्यावर वरून गरम पातळ पेज प्यायला सांगितली, म्हणजे पोटाला बळ मिळून औषध लागू पडतं. उत्तर चीनमध्ये ही पेज राळ्याची करतात. राळा आपल्याकडेही होता, शेतातून आणि ताटातून गेला. पण ज्वारीच्या कण्या अजून आहेत. आजारातून उठलेल्याला, बाळंतिणीला, म्हाताऱ्या माणसाला मऊ शिजवलेल्या कण्या, वर जिऱ्याची फोडणी आणि चिमूटभर सुंठ, यापेक्षा चांगला चिनी उपाय मला अंबाजोगाईत सुचवता येणार नाही. चीनहून आलेल्या वनस्पतींची महागडी पाकिटं मागवायची काही गरज नाही.

एका बाबतीत मी चिनी ग्रंथांचं ऐकलेलं नाही. ते थंड आणि कच्च्या पदार्थांना फार घाबरतात आणि त्यांच्या आहारात दूधदुभतं जवळजवळ नाहीच. म्हणून चिनी पथ्याची पुस्तकं जशीच्या तशी उतरवली तर आपलं ताक जातं. आयुर्वेदानं ग्रहणीच्या विकारात ताकाला मान दिला आहे आणि वैशाखातल्या मराठवाड्यात ताकावाचून माणूस राहूच शकत नाही. फ्रिजमधलं बर्फगार ताक रात्री पिऊ नका, एवढं मी सांगतो. दुपारी, ताजं, लोणी काढलेलं, हिंग-जिरं घातलेलं ताक बिनघोर प्या.

दाबबिंदूंच्या प्रकरणात पोटासाठी मुख्यतः दोन बिंदू आहेत. पहिला 'झूसानली'. खुर्चीवर बसून गुडघा काटकोनात ठेवा. वाटीच्या खाली, बाहेरच्या अंगाला एक खोलगट जागा लागते. तिथून स्वतःची चार बोटं आडवी धरून खाली या, मग नडगीच्या हाडाच्या धारेपासून अंगठाभर बाहेर सरका. अंगठ्यानं दाबलं की तिथे टोचल्यासारखं दुखत नाही, जड, बोथट कळ पसरते. तीच खूण. दोन्ही पायांवर मिनिटभर, जेवणाआधी. दुसरा 'नेइगुआन': मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मधोमध. मळमळीसाठी हा बिंदू जगभर वापरला जातो. गरोदर बायकांनी मात्र कुठलेही बिंदू विचारल्याशिवाय दाबू नयेत.

याला आधार काय, असं विचारणारा वाचक मला हवा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं १९९७ मध्ये बोलावलेल्या तज्ज्ञमंडळानं शस्त्रक्रियेनंतरच्या आणि केमोथेरपीच्या मळमळीवर अ‍ॅक्युपंक्चर उपयोगी असल्याचा निर्वाळा दिला. २०१६ मध्ये चीनमधल्या १५ रुग्णालयांत तीव्र, जुनाट बद्धकोष्ठतेच्या १०७५ रुग्णांवर विद्युत-अ‍ॅक्युपंक्चरची चाचणी झाली. आठ आठवड्यांच्या उपचारांत खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्या सुमारे ३१ टक्के लोकांना आठवड्याला तीन किंवा अधिक वेळा मोकळी शौच होऊ लागली, खोट्या बिंदूंच्या गटात सुमारे १२ टक्क्यांना. याउलट आतड्याच्या चिडखोरपणावर २०१२ मध्ये झालेल्या कॉक्रेन आढाव्यात खऱ्या आणि खोट्या सुयांत फरक दिसला नाही. म्हणजे काही ठिकाणी आधार भक्कम आहे, काही ठिकाणी नाही. बाकी प्रकरणांतही जिथे पुरावा आहे तिथे आहे म्हटलं आहे, नाही तिथे परंपरेचं मत म्हणून दिलं आहे.

चीनशी महाराष्ट्राचं वैद्यकातलं नातं निघालं की द्वारकानाथ कोटणीसांचं नाव आधी येतं. सोलापूरचे हे तरुण डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून गेले. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस शल्यविशारद होते, सुया किंवा काढे हा त्यांचा विषय नव्हता. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच गेले. त्यांची समाधी शिजियाझुआंग शहरात आहे आणि ली दोंगयुआनचं झेंगदिंग त्या शहराला लागूनच आहे. त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते भारतात आणलं. आज या देशात ही विद्या शिकणारा प्रत्येक जण त्यांच्या ऋणात आहे. पुढे महाराष्ट्रानं अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला, २०१५ चा अधिनियम, आणि राज्याची परिषद स्थापन झाली. तेव्हा सुया टोचून घेण्याआधी समोरच्याची नोंदणी विचारा. सुई नवी, एकदाच वापरायची आणि तुमच्या डोळ्यांदेखत पाकिटातून काढलेली असली पाहिजे.

वनस्पती आहे म्हणजे निर्धोक आहे, हा समज मनातून काढून टाका. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या चिनी औषधात एका मुळीऐवजी दुसरी, अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली विषारी मुळी मिसळली गेली आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. म्हणून या पुस्तकात स्वयंपाकघरात मिळणाऱ्या द्रव्यांपलीकडचा एकही काढा घरी करायला सांगितलेला नाही. ज्येष्ठमध रक्तदाब वाढवू शकतं. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी ते रोज घेऊ नये.

शेवटचं प्रकरण धोक्याच्या खुणांचं आहे, पण माझी विनंती आहे की ते सर्वांत आधी वाचावं. शौचातून रक्त, डांबरासारखं काळं शौच, कारण नसताना घटलेलं वजन, घास अडकणं, सारखी उलटी, झोपेतून उठवणारी कळ, कावीळ, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेली पोटाची तक्रार, यांतलं एक जरी असेल तर कण्या शिजवत, बिंदू दाबत बसू नका. आपल्या गावात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. १९७० च्या दशकात ते उभं राहिलं ते ग्रामीण माणसाला औरंगाबाद-मुंबई गाठावी लागू नये म्हणूनच. आधी तिथे जाऊन तपासून घ्या. मोठं काही नाही असं कळलं, की मग हे पुस्तक उघडा.